नेटवर्क आणि दूरसंचारात मास्टर्स: दोन वर्षं घालवावीत का?

रात्रपाळी:
आमच्या एनओसीतला, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या खोलीतला, सगळ्यात चलाख पोरगा नोकरी सोडून नेटवर्क आणि दूरसंचार या विषयात मास्टर्स करायला निघालाय. मला विचारलंन, मी सरळ सांगितलं, जाऊ नकोस. हे काम हाताला यावं लागतं. पहाटे तीनला लिंक पडते, पन्नास अलार्म एकदम लाल होतात. त्यातला मूळ कुठला आणि त्याच्यामागून फरपटत आलेले कुठले, हे वर्गात बसून कळत नाही. दोन वर्षांत तो एखादं तगडं सर्टिफिकेशन करेल, शेकडो राउटर हाताळेल, पायथनमध्ये ऑटोमेशन शिकेल. तिकडे काय, तर ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कचं काम थरांत वाटून दाखवणाऱ्या नमुन्याचे, सात थर पुन्हा एकदा पाठ. वर फी आहेच. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

टोकाचा नोड:
मला नाही पटत. दोन डेटा सेंटरच्या मधे आम्ही एक गिगाबिटची नवी लिंक घेतली होती. जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद. फाइल कॉपी लावली तर वेग पाच मेगाबिटवर अडकलेला. तीन दिवस आम्ही केबल बदलल्या, ऑप्टिक्स बदलले, लिंकवाल्यांशी भांडलो. ते म्हणत लिंक स्वच्छ आहे, आणि ती होतीच. मग नुकतीच मास्टर्स करून आलेल्या एका मुलीने पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला: ६५,५३५ बाइट गुणिले ८, भागिले ०.१ सेकंद. उत्तर ५.२ मेगाबिट. पोचपावती न येता टीसीपी (दोन यंत्रांत डेटा नीट पोचवणारा नियमसंच) जास्तीत जास्त जेवढं पाठवू शकतं, त्या ‘विंडो’ची मूळ मर्यादा ६५,५३५ बाइट. ही मर्यादा वाढवणारं विंडो स्केलिंग १९९२ पासून आहे, पण मधला फायरवॉल नेमका तोच पर्याय काढून टाकत होता. आमच्या सगळ्यांच्या अनुभवाची बेरीज केली असती तर पन्नास वर्षं सहज भरली असती.

रात्रपाळी:
पॅकेट कॅप्चर, म्हणजे लिंकवरून जाणाऱ्या पॅकेटांची नोंद, लावलं असतं तर दहा मिनिटांत दिसलं असतं.

टोकाचा नोड:
लावलं होतं की! तीन दिवस स्क्रीनवर उघडंच होतं. त्यात काय शोधायचं ते कुणाला माहीत नव्हतं.

अँटेनावाली:
तुम्ही दोघंही राउटरबद्दलच बोलताय. पदवीच्या नावात ‘दूरसंचार’ पण आहे. राउटर लॅपटॉपवर आभासी चालवता येतात, मान्य. पण रेडिओ लहरी तपासणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर आणि भिंतींवरून लहरी परतत नाहीत अशी खोली घरी कुठून आणणार? मी रेडिओच्या बाजूला आहे. चिप बनवणारे असोत की मानकं लिहिणारे, आमच्याकडे मास्टर्सशिवाय बहुतेक वेळा मुलाखतीलाच बोलावत नाहीत. आणि ते काही उगाच नाही. रॉबर्ट गॅलागर या संशोधकाने १९६० च्या डॉक्टरेटच्या कामात एलडीपीसी कोड (वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करता याव्यात अशी डेटाची मांडणी) मांडले. त्या काळच्या यंत्रांना ते झेपणारे नव्हते, म्हणून तीसेक वर्षं जवळजवळ विसरले गेले. आज फाइव्ह-जीमध्ये तुमचा डेटा त्याच कोडांत गुंडाळून जातो. नियंत्रणाचे संदेश त्याच कामाच्या ज्या पोलर कोडांतून जातात, ते एर्दाल आरिकान या संशोधकाने २००९ मध्ये मांडले. सर्टिफिकेशनच्या पुस्तकात यातलं काय येतं?

रात्रपाळी:
ताई, रेडिओचं मान्य. तो वेगळा धंदा आहे, त्याला पदवी लागत असेल. पण आमचा पोरगा बीजीपीवाला आहे, म्हणजे नेटवर्क एकमेकांना मार्ग कळवतात त्या नियमांवर काम करणारा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तासांच्या आसपास गायब झालं होतं, आठवतं? देखभालीत एक आदेश चुकीचा गेला आणि त्यांची डेटा सेंटर जोडणारा सगळा बॅकबोन सुटला. तिथे काय शॅननचं सूत्र (वाहिनीतून जास्तीत जास्त किती माहिती जाईल ते सांगणारं) उपयोगी पडणार होतं?

फळा-खडू:
मी हेच शिकवतो, त्यामुळे माझं मत थोडं कमी धरा. पण फेसबुकचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. आदेश चुकला, खरं आहे. असले आदेश अडवायला एक तपासणी होती, तिच्यात बग होता, तेही खरं. पुढचा भाग बघा: डेटा सेंटरशी संपर्क तुटला की आपणच आजारी आहोत असं समजून डीएनएस सर्व्हर (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारे) स्वतःचे बीजीपी मार्ग मागे घेत. एक सर्व्हर बिघडला तर ही रचना उत्तम. सगळ्यांनाच एकदम तसं वाटलं तर? सगळेच स्वतःला जगाच्या नकाशावरून पुसून टाकतात. हा प्रश्न रचना करतानाच विचारायची सवय आम्ही लावायचा प्रयत्न करतो. दरवेळी लागते असं नाही.

आता आमच्या घरातलं उणं. या नावाखाली अक्षरशः काहीही विकलं जातं. काही ठिकाणी संभाव्यता, रांगांचा सिद्धांत आणि सिग्नल हा कणा असतो, काही ठिकाणी जुन्या सर्टिफिकेशनचे धडेच विद्यापीठाच्या शिक्क्याने मिळतात. माहितीपत्रक वाचून काही कळत नाही. मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागवा. ‘सात थरांची नावे लिहा’ असं दिसलं तर मागे वळा. ‘लिंक ५० टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत भरली तर सरासरी विलंब किती पट होईल’ असं दिसलं तर तिथेच अर्ज करा. (साध्यात साध्या रांगेत पाचपट. जवळपास दुप्पट म्हणणारे दरवर्षी भेटतात.)

सिम्युलेटर:
मी केलंय मास्टर्स. प्रबंधाचे आठ महिने एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये पॅकेटांच्या रांग व्यवस्थापनाची एक पद्धत घासत बसलो. निकाल कुणी वापरला नाही, मीसुद्धा नाही. नोकरी लागली ती आधीच्या अनुभवावर. एक फायदा नक्की झाला, आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे मूळ दस्तऐवज, उघडून वाचायची भीती गेली. दोन वर्षांच्या मानाने हा फायदा फार महाग पडला, असं मला अजून वाटतं. ज्याला रचना किंवा संशोधन करायचं नाही, त्याने जाऊ नये.

रात्रपाळी:
सिम्युलेटर, तुमच्यासारखा एक तरी भेटला, बरं वाटलं.

काल पाळीवर त्या पोराला नोडचा ६५,५३५ चा किस्सा घातला, बघू म्हटलं. हिशेब त्याला सुचला नाही. मी खुशीत उत्तर सांगितलं, तर म्हणतो, ‘फायरवॉल दुरुस्त केला, विंडो हवी तेवढी मोठी केली, पण हजारात एक पॅकेट हरवत असेल तर वेग किती मिळेल?’ मी म्हटलं, थोडा कमी. किती कमी ते मला सांगता आलं नाही.

फळा-खडू:
थोडा नाही हो. जुन्या पद्धतीच्या टीसीपीत वेग गळतीच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात जातो. १,४६० बाइटचे तुकडे आणि तेच १०० मिलिसेकंद धरले, तर साडेचार मेगाबिटच्या आसपास. म्हणजे फायरवॉल दुरुस्त करून तुम्ही पुन्हा होतात तिथेच.

रात्रपाळी:
बरं. प्रश्नपत्रिका मागवायला सांगतो त्याला.