जुन्या सिटीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : दुरुस्त करावा, जुना बसवावा की नवाच घ्यावा?

गोदाकाठ :

माझ्याकडे २०१२ साली नोंदणी झालेली होंडा सिटी आहे. इंजिन १.५ लिटरचे पेट्रोल, गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेला पाच गिअरांचा ऑटोमॅटिक. गाडी मी सेकंड हँड घेतली तेव्हा इंजिनाच्या सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या मिळाल्या, परंतु गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले याची नोंद त्यांत कुठेच नव्हती. आजवर ती १ लाख ३८ हजार किलोमीटर चालली आहे.

गेल्या हिवाळ्यापासून सकाळी गाडी थंड असताना रिव्हर्समध्ये टाकली की दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही आणि मग धक्का बसून गाडी मागे सरकते. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना इंजिनाचे आरपीएम उगाच वर जातात आणि मग गिअर पकडतो. अर्धा-पाऊण तास चालवल्यावर मीटरमधला 'डी'चा दिवा लुकलुकू लागतो. तेल गडद तपकिरी झाले असून त्याला किंचित करपल्यासारखा वास आहे.

नवीन गिअरबॉक्ससाठी ३ लाख ४० हजार रुपये सांगितले गेले आहेत, म्हणजे आज गाडी विकली तर जितके येतील त्याहूनही अधिक. एका गॅरेजवाल्यांनी सध्याचा गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करण्याचे १ लाख १० हजार सांगितले, तर दुसऱ्यांनी मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून जुना आणून बसवण्याचे मजुरीसह ७५ हजार. गाडीला गंज नाही, इंजिन उत्तम आहे, आणि गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांना क्लच दाबणे जमत नसल्याने घरात ऑटोमॅटिक गाडी हवीच आहे. यांपैकी कोणता मार्ग शहाणपणाचा ठरेल?

बारातेरा :

तिन्ही आकडे तूर्त बाजूला ठेवावेत, कारण बिघाड नेमका कुठे आहे हे पाहून त्यांतला एकही दिलेला दिसत नाही. आपल्या लिहिण्यात ना बिघाडाचा कोड वाचल्याचा उल्लेख आहे, ना तेलाचा दाब मोजल्याचा. 'डी'चा दिवा लुकलुकतो याचा अर्थ कंट्रोल युनिटने (गाडीतल्या संगणकाने) गिअरबॉक्ससंबंधी एखादा कोड साठवून ठेवला आहे. तो स्कॅनरने वाचून होईपर्यंत कोणालाही बॅटरीची तार काढू देऊ नका, नाहीतर हाती आलेला पुरावा पुसला जाईल. पी ०७१५ किंवा पी ०७२० निघाला तर दोष वेग मोजणाऱ्या सेन्सरचा किंवा त्याच्या वायरिंगचा असण्याचा संभव मोठा आहे आणि तसे असेल तर गिअरबॉक्स उघडण्याचे कारणच नाही. पी ०७४० निघाला तर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपकडे (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचकडे) पाहावे लागेल. पी ०७३० म्हणजे अपेक्षित गुणोत्तर मिळत नाही, अर्थात आत कुठेतरी घसरत आहे. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून मला याच कोडची अपेक्षा आहे.

या गिअरबॉक्सची रचनाही ध्यानात घ्यायला हवी. बहुतेक कंपन्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) असतात. होंडाने मात्र त्या काळी मॅन्युअल गिअरबॉक्सप्रमाणे समांतर शाफ्ट ठेवले आणि प्रत्येक गिअरला तेलाच्या दाबावर चालणारा स्वतंत्र क्लच दिला. रिव्हर्ससाठी वरच्या एका गिअरचाच क्लच वापरला जातो. त्यात बँड (बाहेरून आवळणारे पट्टे) नसतात, त्यामुळे 'बँड कसून देतो' असे म्हणणाऱ्या मेकॅनिकला गाडीला हात लावू देऊ नये. या रचनेचा मोठा फायदा असा की कोणता गिअर घसरतो यावरून कोणत्या क्लचमध्ये दोष आहे हे गाडीखाली न जाताही बऱ्याच अंशी कळते, आणि केसिंगवर (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचावर) दाब मोजण्यासाठी दिलेल्या बोल्टांच्या जागी गेज लावले की उरलेली शंका फिटते. सगळ्याच क्लचचा दाब कमी असेल तर तेलाची पातळी, गाळणी, पंप आणि दाब राखणारा रेग्युलेटर व्हॉल्व्ह तपासावेत. एकाच क्लचचा कमी असेल तर त्याच्या वाटेवरचा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) तरी अडकलेला असतो, नाहीतर सील गेलेले असतात. दाब पूर्ण असूनही गिअर घसरत असेल तर क्लचच्या प्लेटा झिजल्या.

तेलाबद्दल थोडे. पातळी पाहताना गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन पुरते तापलेले हवे आणि ते बंद केल्यापासून ६० ते ९० सेकंदांच्या आत पट्टी काढून पाहायला हवी. पुष्कळ गॅरेजांत इंजिन चालू ठेवूनच पाहतात आणि चुकीची पातळी धरून चालतात. तेल होंडाचे डीडब्ल्यू-१ हेच घ्यावे. त्याने जुन्या झेड-१ ची जागा घेतली आहे. एका वेळी जेमतेम अडीच लिटर तेल निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये राहते. म्हणून मशीनने फ्लश न करता तेल काढणे, भरणे, सगळ्या गिअरांतून गाडी चालवणे आणि पुन्हा काढणे असे तीनदा करावे. प्रत्येक खेपेस चाळीस टक्के बदलले असे धरले तर तिसऱ्या खेपेनंतर सुमारे ७८ टक्के तेल नवे होते. करपलेल्या क्लचला नवे तेल बरे करत नाही हे खरे, पण ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय जमले आहे हे पाहण्यापुरता तरी हा खर्च सार्थकी लागतो. करडी, गुळगुळीत लुकण चालेल. बोटाला टोचणारे कण असतील तर गिअर किंवा बेअरिंग खराब आहे. तेल गुलाबीसर दुधट दिसले तर त्यात कूलंट (इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरमधले पाणी) मिसळला आहे, आणि मग प्लेटांवरचे अस्तर सुटत असल्याने तेल बदलण्यावर पैसे घालवू नयेत.

घाटवाट :

माझ्या मेहुण्यांच्या याच पिढीच्या सिटीला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेला गिअरबॉक्स बसवला होता आणि तो आजही चालतो आहे, त्यामुळे तो मार्ग सरसकट वाईट म्हणता येणार नाही. तथापि काही गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्याआधीच्या सिटी झेडएक्समध्ये सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) होता आणि २०१४ च्या सिटीतही सीव्हीटीच आला, म्हणून आपल्याला याच पिढीच्या पाच गिअरांच्या ऑटोमॅटिक सिटीचा माल हवा, 'सिटीचाच आहे साहेब' एवढ्यावर समाधान मानू नये. टॉर्क कन्व्हर्टर त्याच गाडीचा आणि सोबतच घ्यावा. मूळ गाडी मागून किंवा बाजूने ठोकलेली असेल तर उत्तम. पुढून ठोकलेली असेल तर केसिंगला आणि तिच्या कानांना (बोल्ट बसण्याच्या जागांना) तडा नाही ना हे उजेडात पाहावे. तेल थोडे काढून त्याचा रंग आणि वास पाहावा. बिल घ्यावे आणि त्यावर हमीची मुदत लिहून घ्यावी, कारण तोंडी हमी गिअरबॉक्स बसेपर्यंतच टिकते.

हमी सहसा मालापुरती असते, हेही विसरू नये. माल खराब निघाला तर तो बदलून मिळेल, पण उतरवण्याची आणि चढवण्याची मजुरी आपल्यालाच दुसऱ्यांदा द्यावी लागेल. ७५ हजारांचा आकडा त्या धोक्यासह वाचावा.

आरसीबुक :

कागदपत्रांपुरते सांगतो. आरसीवर इंजिन आणि चेसिस क्रमांक असतात, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे त्याच प्रकारचा गिअरबॉक्स बसवल्यास आरटीओत नोंद करावी लागत नाही. कोणी मॅन्युअल गिअरबॉक्स बसवण्याचा सल्ला दिला तर मात्र ते मूळ रचनेतील फेरफारात मोडते आणि त्यासाठी परवानगीचा प्रश्न येतो. शिवाय पेडल, फ्लायव्हील, कंट्रोल युनिट असे सारेच बदलावे लागते, आणि आपल्या घरची गरज पाहता तो विचारही व्यर्थ आहे. २०२७ मध्ये गाडीला १५ वर्षे होतील तेव्हा तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर हा खर्च येईल, तो आताच हिशेबात धरावा.

गोदाकाठ :

सर्वांचे आभार. कोड पी ०७३० निघाला. एका जाणकार गॅरेजमध्ये दाब मोजून घेतला. तिसऱ्या गिअरच्या क्लचचा दाब स्पष्टपणे कमी आहे, रिव्हर्सचा दाब थंड असताना हळूहळू चढतो, बाकीचे प्रमाणात आहेत. बाहेरचे सोलेनॉइड काढून त्यांच्या जाळ्या साफ केल्या, पण फरक पडला नाही. चुंबकावर करडी लुकण आहे, कण नाहीत. तेल दुधट नाही.

बारातेरा :

मग माझ्या मते दुरुस्तीच करावी. गिअर आणि बेअरिंगे शाबूत दिसतात. कडक झाली आहेत ती रबराची सील आणि शाफ्टवरच्या सीलिंग रिंगा, आणि त्यांच्यामागोमाग तिसऱ्याच्या प्लेटा करपल्या असाव्यात. रबर जितके किलोमीटरने झिजते तितकेच वयाने आणि उष्णतेने कडक होते. कुर्ल्याला मिळणारा गिअरबॉक्स कमी चाललेला असला तरी त्यातले रबर याच वयाचे असणार, म्हणजे ७५ हजार देऊन आपण हाच आजार थोडा पुढे ढकलाल. घाटवाट यांच्या मेहुण्यांची गाडी चालते आहे याचा मला आनंद आहे, पण आपले निदान पाहता मी तो मार्ग निवडणार नाही.

काम देताना पुढील गोष्टी लेखी ठरवून घ्या. एकट्या तिसऱ्याच्या नव्हे, तर सर्व क्लचच्या प्लेटा आणि सील बदलले जावेत, कारण उघडण्याची मजुरी एकदाच द्यायची आहे. रिंगा ज्या ठिकाणी बसतात तिथे शाफ्टवर किंवा कव्हरमध्ये चरे पडले असतील तर तो भागही बदलावा लागेल. चऱ्यावर बसवलेली नवी रिंग दाब धरत नाही आणि बहुतेक फसलेल्या दुरुस्त्यांचे मूळ इथेच असते. गिअरबॉक्स गाडीत चढवण्यापूर्वी प्रत्येक क्लच हवेच्या दाबाने आपल्यासमोर तपासून दाखवावा. टॉर्क कन्व्हर्टर कापून, साफ करून, तपासून पुन्हा वेल्ड केलेला हवा. तेलाचा कूलर आणि नळ्या आतून धुतल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर जुन्या प्लेटांची भुकटी नव्या तेलात येईल. शेवटी कंट्रोल युनिटमधील शिकलेली जुनी मूल्ये स्कॅनरने पुसून गाडी नव्याने चालवावी.

हे सर्व १ लाख १० हजारांत धरले आहे का, ते विचारा. कन्व्हर्टरचा खर्च पुष्कळदा वेगळा सांगतात. आणि गॅरेजपर्यंत गाडी पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नका, फ्लॅटबेडवरच (पूर्ण गाडी वर चढवणाऱ्या ट्रकवरच) न्या. इंजिन बंद असले की पंप फिरत नाही, तेल पोहोचत नाही, आणि आज शाबूत असलेली बेअरिंगे वाटेतच जातील.