मेंढीकोटला चौथा भिडू नाही, तिघांत काय खेळावं?

खाडीकाठची
घरात आम्ही तिघंच. सासरे (आप्पा, वय 76), मी आणि नऊ वर्षांची लेक. नवरा बोटीवर असतो, आता दिवाळीनंतरच येईल. पूर्वी रोज रात्री जेवणं झाली की ओटीवर मेंढीकोट रंगायचा. आप्पा आणि सासूबाई एका बाजूला, मी आणि हे दुसऱ्या बाजूला. हे नसले की शेजारच्या काकू यायच्या. आईंनी "चहा टाकू का?" विचारलं की समजायचं, हुकमाचा एक्का त्यांच्याकडे. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं, तरी दोघं वर्षानुवर्षं तेच करत राहिली.

आई गेल्या वर्षी गेल्या. तेव्हापासून कॅट कपाटात आहे. आप्पा एसटीत कंडक्टर होते, दिवसभर माणसांशी बोललेला माणूस. आता जेवताना "मीठ दे" एवढंच. पावसात इथे वीज तासन् तास जाते. लेक माझ्या मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत कोपऱ्यात, आप्पा खुर्चीत.

एकदा चौथा हात उघडा मांडून मेंढीकोट खेळून पाहिला. दोन डाव झाले आणि आप्पा उठून गेले. माझंच चुकलं, आईंच्या जागेवर उघडी पानं मांडायला नको होती.

तर तिघांत जमेल असं काही सांगा. झब्बू सांगू नका, आप्पा त्याला पोरखेळ म्हणतात.

किलवरचा_गुलाम
पाच-तीन-दोन! हा तिघांचाच खेळ आहे, चौथ्याची जागा रिकामी दिसत नाही. पानं 30. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंगांची 28, आणि दोन सत्त्या. (आमच्याकडे इस्पिक आणि बदामची, काही घरांत दोन्ही काळ्या. यावरून आमच्या एका लग्नघरात रात्री दोनपर्यंत वाद चालला होता.) पहिली पाच-पाच पानं वाटायची, ती बघून ज्याला पाच हात करायचे त्याने हुकूम बोलायचा, मग उरलेली पाच. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, तिसऱ्याने तीन. पुढच्या डावाला ही कामं फिरतात.

खरी गंमत ओढण्यात. ज्याचे हात जास्त झाले तो पुढच्या डावात, कमी पडलेल्याच्या हातातून न बघता तेवढी पानं ओढतो आणि बदल्यात आपली नको ती देतो. आप्पांना हे नक्की आवडेल.

तिर्री
बदाम सातही होतो तिघांत. सतरा-सतरा पानं आणि एकाला अठरा. पण घरात पानं अडवणारा माणूस असेल तर जपून. माझे काका किलवरची सत्ती शेवटपर्यंत दाबून "पास, पास" म्हणत बसायचे. माझी आई आजही दिवाळीत त्यांना ते ऐकवते.

मोतीतलाव
सावंतवाडीकर असल्याने गंजिफा सुचवणं भाग आहे. तोही तिघांचाच. दशावतारीत गोल 120 पानं, म्हणजे प्रत्येकी 40. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. हुकूम नाही. दिवसा खेळलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का, आणि गेलेली पानं डोक्यात ठेवावी लागतात. राजवाड्यात अजून हाताने रंगवतात, पण स्वस्त नाही. नऊ वर्षांच्या मुलीला जड जाईल, आप्पांना नाही.

खाडीकाठची
तीन आठवड्यांनी लिहितेय. पाच-तीन-दोन सुरू आहे. सत्त्या इस्पिक-बदामच्याच, आप्पांनी कॅट हातात घेतली आणि काही न विचारता त्याच दोन ठेवल्या. म्हणजे हा खेळ त्यांना आधीपासून येत होता!

पहिल्या रात्री त्यांनी लेकीच्या हातातला एक्का ओढला आणि बदल्यात चौकटची अठ्ठी दिली. ती रडत आत गेली. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याआल्या तिनेच पानं काढली. आता आप्पा बोलतात, पण मुख्यतः ओरडायला. "हुकूम हातात असताना मारला का नाहीस? कोणासाठी राखून ठेवलास?" मलाही बोलणी बसतात. बसू देत.

परवा त्यांची पाच हातांची पाळी होती. पानांकडे बघता बघता म्हणाले, "चहा टाकू का?" मी गप्प. लेक म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कुठे येतो चहा?" त्यांनी हुकमाचा एक्का टाकला आणि हात उचलला.

आता भांडण असं आहे: ओढताना पानं पिसून धरायची की लावलेली तशीच? लेक मोठी पानं कायम डाव्या कडेला लावते. हे आप्पांना पाठ झालंय, म्हणून ते म्हणतात पिसायची नाहीत. लवकर सांगा, सात वाजता बसतो आम्ही.

किलवरचा_गुलाम
पिसायचीच. आणि पाठीमागे नाही, आप्पांच्या समोर.