मदत हवी आहे: नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी डिजिटल सिंथेसायझर घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे एकाच प्रश्नाभोवती फिरतोय. नेहमीच्या वाद्यांत न सापडणारे आवाज काढण्यासाठी ५०,००० रुपयांच्या आतला एखादा डिजिटल सिंथेसायझर (आवाज आतच घडवणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) घ्यावा, की लॅपटॉपवरच्या फुकट सॉफ्टवेअरमध्येच आणखी मुरावं? ज्यांनी ही वाद्यं प्रत्यक्ष हाताळली आहेत त्यांच्याशी बोलल्याशिवाय पैसे मोडायचे नाहीत असं ठरवलंय, म्हणून हा धागा.

मी मिरजेचा. नोकरी वेगळी, पण नऊ वर्षं हौशी नाटकांना पार्श्वसंगीत करतोय. एकांकिका, दीर्घांक, दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेचं एखादं नाटक. विंगेत किंवा मागच्या बूथमध्ये बसून आवाज सोडणारा जो माणूस असतो, तो मी.

मला कसले आवाज हवेत ते सांगतो, कारण सल्ला त्यावरच अवलंबून आहे. आमच्याकडे तानपुरे बनतात. शाळेतून येताना मी सतारमेकर गल्लीत उभा राहायचो. कारागीर घोडीवर कानस फिरवायचा, तार छेडायचा, मान कलती करून ऐकायचा, पुन्हा दोन हात कानस. मग तारेखाली सुती दोरा घालून तो नखाने सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे. आणि एका जागी, आत्तापर्यंत 'टण्' करून विझणारी तीच तार अचानक उघडायची. एकाच तारेतून वरचे सूर एकामागून एक उजळत सरकत जायचे. मला या जातीचे आवाज हवेत: एकदा लावून दिले की आतून हलत राहणारे, पण ऐकणाऱ्याला कोणत्या वाद्याचे ते ओळखता येऊ नयेत.

सध्या लॅपटॉपवर व्हायटल, सर्ज एक्सटी आणि डेक्स्ड ही सिंथेसायझरची सॉफ्टवेअर वापरतो. तिन्ही फुकट मिळतात आणि तिन्ही उत्तम आहेत, यात वाद नाही. डेक्स्ड म्हणजे यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स ७ या सिंथेसायझरची नक्कल. ज्या एफएम पद्धतीवर ते वाद्य चालतं ती जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये स्टॅनफर्डला सापडली. एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवायची, बस. दोघींचं प्रमाण पूर्णांकात असेल तर आवाज सुरात बसतो, नसेल तर घंटेकडे, पत्र्याकडे झुकतो. मागच्या वर्षी एका नाटकात कोरड्या विहिरीचा प्रवेश होता. प्रमाण १:१.४१ ठेवलं, आवाज मंद विझत नेला, आणि रिकाम्या हंड्यावर कुणीतरी खोल कुठेतरी बोट वाजवतंय असं काहीतरी निघालं. रंगीत तालमीला दिग्दर्शकाने ते ऐकलं आणि त्या प्रवेशातली दोन वाक्यं काढून टाकली. या कामात मला याहून मोठा आनंद नाही.

मग हार्डवेअर कशाला? दोन कारणं.

पहिलं कारण म्हणजे स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत झालेला प्रकार. शेवटचा प्रवेश, नायिका एकटी, खाली माझा खर्ज. लॅपटॉप अडकला. तोच तुकडा खरखरत चार सेकंद अडकून राहिला आणि मग पूर्ण शांतता. त्या मुलीने प्रवेश तसाच कोरडा निभावून नेला. नाटक संपल्यावर मला कुणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं. त्या संचात सहा महिने तालमी झाल्या होत्या.

दुसरं कारण हाताचं आहे. नट रोज सारखा थांबत नाही. तो थांबला तर मलाही थांबता आलं पाहिजे, आवाज बोटाखाली दाबून धरता आला पाहिजे. माऊसने हे होत नाही. जुना मिडी कीबोर्ड (स्वतः आवाज न काढता लॅपटॉपला सूर कळवणारा) आहे माझ्याकडे, पण त्याला आफ्टरटच नाही, म्हणजे पट्टी लागल्यावर आणखी दाबली तरी त्याला काही कळत नाही.

सगळ्यात जास्त ओढ आर्टुरिया कंपनीच्या मायक्रोफ्रीक या सिंथेसायझरची वाटते. वजन साधारण किलोभर, २५ सपाट पट्ट्या, आणि बोटाचा जितका भाग टेकेल तितका दाब ते ओळखतं. आतले आवाज डिजिटल, फिल्टर (आवाजातले काही सूर गाळणारा भाग) मात्र अॅनालॉग. त्यात एक कार्प्लस-स्ट्राँग नावाचा प्रकार आहे, त्यानेच मला पकडून ठेवलंय. खरखरीचा एक छोटा तुकडा घ्यायचा, तो गोल गोल फिरवायचा आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा गुळगुळीत करायचा. एवढ्यावर छेडलेल्या तारेचा आवाज तयार होतो! शिवाय त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या २०२३ च्या पाचव्या आवृत्तीपासून स्वतःची ध्वनिमुद्रणं आत घालून त्यांचे कण कण करून वाजवता येतात. मिरजेचा तानपुरा आत घालून त्याचा चुरा करता येईल, या विचाराने मला खरंच झोप लागलेली नाही. उणी बाजू: चार सूर एकदम वाजतात, पण फिल्टर सगळ्यांत मिळून एकच. रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारी सोय) वगैरे काही नाही. बाहेर पडणारा आवाज मोनो.

एएसएम कंपनीचा हायड्रासिंथ एक्सप्लोरर हा सिंथेसायझर बजेटबाहेर जातो, पण आठ सूर, प्रत्येक पट्टीला वेगळा आफ्टरटच, इफेक्ट आतच, आणि आठ पेन्सिल सेलवरही चालतो. मुख्य म्हणजे त्यात स्वरांतरं बदलता येतात. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (शंभर सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांतलं अंतर) उतरलेला असतो. खाली तानपुरा आणि वर पेटीच्या हिशेबाचा गंधार धरून ठेवला की माझ्या दातांत कळ येते. कॉर्ग कंपनीचा ओपसिक्सही पाहिला. एफएमसाठी छान आहे, पण पट्ट्यांना आफ्टरटच नाही, म्हणून बाजूला ठेवला.

घरात एक आक्षेप आला की ही आपली वाद्यं नव्हेत. मला तसं वाटत नाही. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर उभा करून दिला होता. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडची तीन यंत्रं घेऊन रागांवर अख्खी तबकडी काढली. त्यातल्या टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, आणि आपल्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते.

तर मायक्रोफ्रीक वापरणाऱ्यांनो, मे महिन्यात पंखा नसलेल्या बूथमध्ये घामेजल्या बोटांनी त्या पट्ट्या नीट चालतात का? त्यावर उतरलेला गंधार कसा काढता? आणि चार-पाच वर्षांनी नॉब खराब झाला तर दुरुस्तीला कुठे नेता?

प्रतिसाद १

पुण्यात तीन वर्षं मायक्रोफ्रीक वापरतोय. घामाचा त्रास होतो, खोटं सांगणार नाही. ओलं बोट त्याला जास्त दाबल्यासारखं वाटतं आणि आवाज एकदम उसळतो. मी शेजारी सुती रुमाल ठेवतो आणि ज्या आवाजात दाबाचा परिणाम मोठा आहे तो थोडा कमी करून ठेवतो. तुमचा जुना कीबोर्ड मिडीने जोडून त्याच्या पट्ट्यांवरूनही सूर वाजवता येतील.

गंधारासाठी मी खर्ज तानपुऱ्याचाच ठेवतो आणि सिंथवर एका वेळी एकच सूर धरून कानाने उतरवतो. चार सुरांत ते जमणार नाही. यूएसबीवर लॅपटॉपमधून चालवू नका, स्पीकरमध्ये घूं घूं येते. वेगळा अॅडॉप्टर लावा. आणि रिव्हर्बचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा, त्याशिवाय आवाज फार कोरडा वाटतो. दुरुस्तीचा अनुभव नाही, अजून वेळ आली नाही.

प्रतिसाद २

दादा, तुमची कळकळ पोचली, पण मी 'घेऊ नका' म्हणेन. तुम्हाला हवा तो आवाज तुमच्या गल्लीत आहे. काही शे रुपयांचा पिएझो कॉन्टॅक्ट माइक (हवेतला आवाज नव्हे, लाकडाचं कंपन पकडणारा) तानपुऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर, चिकटवा, तारा धनुकलीने घासा, पेन्सिलने टोका, आणि ते सर्ज एक्सटीच्या इफेक्टमधून काढा. लॅपटॉप अडकतो तर सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज तयार करायला मिळणारी उसंत) वाढवा, नेट बंद ठेवा, प्रयोगाच्या दिवशी दुसरं काहीही उघडू नका. आफ्टरटच असलेला साधा मिडी कीबोर्ड घेतलात तरी निम्म्याहून जास्त पैसे वाचतील.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार.

कॉन्टॅक्ट माइक लावून पाहिला होता. घरी अप्रतिम. थिएटरात स्पीकरचा आवाज तबलीतून परत आत शिरतो आणि तानपुरा स्वतःच ओरडायला लागतो, भोपळा कानासारखा वागतो. पण तुमचं वाचून सुचलं की माइक लावून घरीच मुद्रण करायचं. तारा घासून, टोकून, दोरा सरकवतानाचा तो उघडण्याचा क्षणसुद्धा. काल संध्याकाळी ओळखीच्या कारागिरांकडे जाऊन विचारून आलो. ते म्हणाले, रविवारी नवीन तानपुऱ्याची जवारी (घोडी घासून, दोरा सरकवून तार उघडण्याचं काम) लावायची आहे, माइक घेऊन ये.

ती मुद्रणं आधी लॅपटॉपवरच चुरून बघतो. कानाला समाधान झालं आणि फक्त हातच अडला, तर मायक्रोफ्रीक घेईन. एक्सप्लोररचा विचार सोडला, कारण नाटकात मला चार सूर एकदम क्वचितच लागतात.

प्रतिसाद १ वाले, पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय. तासभर तुमच्या वाद्याला हात लावू द्याल का? तानपुऱ्याचं मुद्रण पेन ड्राइव्हवर घेऊन येतो. आणि पंखा बंद ठेवूया.