घशाचा कॅन्सर: रोबोट, रेडिएशन, केमो – तिन्ही एकाच पेशंटला?

पडजीभ
टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी छोटी गाठ (टी1-टी2, म्हणजे आकाराच्या पहिल्या दोन पायऱ्या), एचपीव्ही या विषाणूमुळे झालेली, मानेतही गाठी. अशा पेशंटला हल्ली सर्रास सांगतात, "रोबोटने काढू, मग रेडिएशन, लागलंच तर केमो." माझं ठाम मत: ज्याला तिन्ही लागणार हे स्कॅनवरच दिसतंय, त्याला रोबोटच्या टेबलावर घेऊ नये. थेट केमोरेडिएशनमध्ये (रेडिएशन आणि केमो एकत्र) 35 बैठकांत 70 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं एकक) आणि सिसप्लॅटिन हे केमोचं औषध. ऑपरेशननंतर 60 ते 66 ग्रे आणि पुन्हा सिसप्लॅटिनच. चार ते दहा ग्रे वाचवायला घशात जखम, मानेवर चीर, आणि त्या ताज्या व्रणावर रेडिएशन. गिळण्याला दोन्हीकडून मार.

कन्सोल
"स्कॅनवरच दिसतंय" इथेच तर घोळ आहे. गाठीच्या आवरणाबाहेर कॅन्सर 1 मिलिमीटरपेक्षा जास्त पसरलाय का, हे सीटीवर खात्रीने कळत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. ऑपरेशनचा खरा फायदा हाच: मात्रा अंदाजाने ठरत नाही, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर ठरते. अशा पेशंटवर रोबोटने ऑपरेशन करून पुढचे उपचार रिपोर्टवर ठरवणारी 2022 ची ई3311 चाचणी घ्या. मध्यम जोखमीच्या पेशंटना रोबोटनंतर केमोशिवाय नुसतं रेडिएशन दिलं. 50 ग्रेवाल्यांत दोन वर्षांनी 94.9 टक्के रोगवाढीशिवाय होते, 60 ग्रेवाल्यांत 96.0. म्हणजे 70 ग्रे आणि केमोऐवजी नुसत्या 50 वर भागलं. ही लहान गोष्ट नाही.

पडजीभ
त्याच चाचणीतला दुसरा आकडाही सांगा. 359 पैकी 113 जणांना शेवटी रेडिएशन आणि केमो दोन्ही द्यावे लागले, म्हणजे जवळपास तिघांतल्या एकाला. पुढचे उपचार पूर्ण टळले ते फक्त 38 जणांचे. आणि हे निवडून घेतलेले पेशंट, अनुभवी सर्जनच्या हातचे. निवड ढिली केली की 113 चा आकडा वाढणारच.

ग्रे_मोजणारा
गिळण्यावर थेट तुलना ओरेटर चाचणीत झाली. 68 पेशंट, एका बाजूला रेडिएशन (गरजेनुसार केमोसह), दुसऱ्या बाजूला रोबोट आणि मानेचं ऑपरेशन. एका वर्षाने गिळण्याचा गुणांक रेडिएशनवाल्यांचा 86.9, रोबोटवाल्यांचा 80.1. दहा गुणांच्या आतला फरक पेशंटला जाणवेल इतका धरत नाहीत, हे मान्य. पण ऑपरेशन करून गिळणं वाचतं, हा दावा तिथे टिकला नाही. पुढच्या ओरेटर-2 चाचणीत तर रोबोटच्या गटात उपचाराशी संबंधित दोन मृत्यू झाल्यामुळे पेशंट घेणंच लवकर थांबवावं लागलं.

कन्सोल
त्या मृत्यूंवरून धडा घ्यायलाच हवा, पण नेमका कुठला ते बघा. एक मृत्यू तोंडातल्या रक्तस्रावाचा होता. टॉन्सिलची जागा उघडी राहते, पापुद्रा सुटताना, साधारण दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, रक्त येऊ शकतं, आणि पेशंट तोवर घरी गेलेला असतो. मानेच्या गाठी काढतानाच बाह्य कॅरोटिड या मानेतल्या रोहिणीच्या, जिभेला आणि चेहऱ्याला रक्त देणाऱ्या लिंग्वल आणि फेशियल शाखा बांधून टाकल्या, की जिवावर बेतणारा स्राव कमी होतो. मी तरी हे ऐच्छिक मानणार नाही. कॅरोटिड घशाच्या मागे आत सरकलेली असेल किंवा तोंड पुरेसं उघडत नसेल, तर रोबोट नकोच. कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या जागी, बसलेल्याच्या बोटांना ऊतीचा कडकपणा कळत नाही, कडा डोळ्याने आणि फ्रोझनवर (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेली तपासणी) ठरवायच्या असतात. कड पॉझिटिव्ह आली, म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सर उरला, की केमो आलीच, म्हणजे पडजीभ यांचा मुद्दा खरा ठरला.

सलाईनस्टँड
केमोकडे कोणी बघतच नाही. ऑपरेशननंतर केमो कोणाला, हे 2004 च्या दोन मोठ्या चाचण्यांवरून ठरलं: कड पॉझिटिव्ह किंवा गाठीचं आवरण फुटलेलं. "गाठी दोन-तीन आहेत, देऊन टाकू" हे कारण नव्हे. मात्रेचंही तेच. सिसप्लॅटिन दर तीन आठवड्यांनी शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर 100 मिग्रॅ, म्हणजे 1.7 चौरस मीटरच्या पेशंटला एका वेळी 170 मिग्रॅ. आधी-नंतर भरपूर सलाईन, मॅग्नेशियम, क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) आणि कानांवर लक्ष. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, पेशंट तक्रार करत नाही, म्हणून ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) सुरुवातीलाच हवा. हे झेपणार नसेल तर आठवड्याला 40 चालतं. 30 नको: टाटा मेमोरियलच्या 2018 च्या चाचणीत 30 च्या तुलनेत तीन आठवड्यांच्या 100 ने रोग जास्त आवरला.

ग्रे_मोजणारा
वेळापत्रकही चुकतं. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. दात तपासायला उशीर झाला तर गणित तिथेच बिघडतं: काढायचे दात सुरुवातीच्या किमान दोन आठवडे आधी काढावे लागतात, हिरडी भरायला. ऑपरेशनच्या भुलीतच ते काढले तर हा वेळ वाचतो. आणि पॅरोटिडला (कानाजवळच्या लाळग्रंथीला) सरासरी 26 ग्रेच्या आत ठेवा, नाहीतर घास पाण्याशिवाय उतरत नाही.

पडजीभ
दातांचं पटलं. एका जागी मी माघार घेतो: मानेत गाठ आहे पण मूळ सापडत नाही, तेव्हा रोबोटने जिभेच्या मुळाचं टॉन्सिल काढून मूळ शोधणं योग्यच. ते सापडलं की रेडिएशनचं क्षेत्र आक्रसतं. पण स्कॅनवर गाठींचा एकजीव गोळा झालेला असेल आणि कडा धूसर दिसत असतील, तर पॅथॉलॉजीची वाट कशाला बघायची? त्याला थेट केमोरेडिएशनच द्या.

कन्सोल
एकजीव गोळ्याला मीही हात लावणार नाही. वाद 2 सेंटिमीटरच्या स्वच्छ कडांच्या गाठीचा आहे, आणि तिथे मी रोबोटच्याच बाजूने आहे.