‘पल्प’ला मराठीत काय म्हणायचं? लगदा, सवंग की ‘एक झुंजार द्या’

नाशिकरोडकर

एका छोट्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. जुन्या गुन्हेगारी पल्प कादंबऱ्या सिनेमात, वेबसिरीजमध्ये, अगदी टीशर्टवरसुद्धा अजून कशा टिकून आहेत, असा विषय. पहिल्याच वाक्यात अडले. ‘पल्प’ला मराठीत काय म्हणायचं? घरात विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, “आंब्याचा की टोमॅटोचा?” त्यांचं माहेर पिंपळगाव बसवंतचं, त्यामुळे पल्प म्हटल्यावर त्यांना टोमॅटोचे क्रेट दिसणारच.

आमच्या पिढीच्या कानावर हा शब्द आला तो टॅरँटिनोच्या १९९४च्या ‘पल्प फिक्शन’ या सिनेमामुळे. गंमत म्हणजे तो सिनेमा शब्दकोशातल्या नोंदीनेच सुरू होतो. पडद्यावर पल्पचे दोन अर्थ येतात: एक ओलसर, बेढब गोळा आणि दुसरा खरखरीत कागदावर छापलेलं सनसनाटी मासिक किंवा पुस्तक. दुसरा अर्थ पहिल्यातूनच निघाला. लाकडाच्या लगद्यापासून केलेला सगळ्यात स्वस्त कागद, त्यावर छापलेली मासिकं, मग त्या मासिकांतल्या गोष्टी. ‘आर्गसी’ हे मासिक १८९६मध्ये या कागदावर आलं, तिथून ही परंपरा मोजतात.

हिंदीत सरळ ‘लुगदी साहित्य’ म्हणतात. मग मराठीत ‘लगदा साहित्य’ म्हटलं तर चालेल का? कुणी वापरलेलं पाहिलंय?

पंचवटीकर

ताई, लगदा नको. हिंदीत लुगदी ही कागद कारखान्यातली वस्तू आहे. मराठीत लगदा म्हणजे बिघडलेला स्वयंपाक. भाताचा लगदा झाला, पोह्यांचा लगदा झाला. चांगल्या अर्थाने तो शब्द फक्त गणपतीत ऐकू येतो, कागदाच्या लगद्याची मूर्ती म्हणून. ‘लगदा साहित्य’ वाचलं की लेखकाने पाणी जास्त घातलं असंच वाटेल. शिवाय घाईत वाचणारा ‘लुगडा साहित्य’ वाचेल ते वेगळंच.

जुनी सावाना

‘सवंग’ हा शब्द विचारात घ्या. आज तो शिवीसारखा वापरतात: सवंग लोकप्रियता, सवंग विनोद. मुळात त्याचा अर्थ फक्त स्वस्त, महागाच्या उलट. माझी आजी “यंदा कांदे सवंग आहेत” म्हणायची, त्यात कांद्याचा अपमान नव्हता. किमतीचा शब्द हळूहळू दर्जाचा झाला. या पुस्तकांचंही तेच झालं. स्वस्त होती म्हणून हलकी ठरली. जुन्या अर्थाने ती सवंगच होती आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गंगापूररोड

पण आपल्याकडे ‘रहस्यकथा’ आहे की! नवा शब्द कशाला?

पंचवटीकर

रहस्यकथा हा प्रकार झाला, पल्प हा कागद झाला. गुळगुळीत कागदावर, जाड पुठ्ठ्यात, चारशे रुपयांना मिळणारी रहस्यकथाही असतेच. इंग्रजीत कागदावरून नाव पडलं तसं इतर भाषांत रंगांवरून पडलं. इटलीत १९२९पासून मोंदादोरी प्रकाशनाची गुन्हेगारी पुस्तकं पिवळ्या मुखपृष्ठात निघायची, म्हणून तिथे अशा गोष्टीलाच ‘जाल्लो’, म्हणजे पिवळा, म्हणतात. फ्रान्समध्ये १९४५ला ‘सेरी न्वार’, म्हणजे काळी माला, निघाली. पुढच्याच वर्षी त्या धर्तीच्या सिनेमांना ‘फिल्म न्वार’ म्हणायला लागले.

इटालियन पद्धतीने मराठीत ‘पिवळी पुस्तकं’ म्हणून बघा. शालिमारच्या चौकात उभं राहून मोठ्याने म्हणा आणि काय होतं ते इथे येऊन सांगा.

जुनी सावाना

😄 त्याच कागदात गुंडाळलेली, पण वेगळी!

रहस्य या शब्दाबद्दल थोडं. ‘रहस्’ म्हणजे एकांत. एकांतात सांगायचं ते रहस्य. म्हणून टिळकांच्या १९१५च्या ग्रंथाच्या नावात तो शब्द आहे आणि खुनाच्या पुस्तकावरही तोच. ‘गूढ’ वेगळं. ते ‘गुह्’ म्हणजे लपवणे या धातूवरून आलं. वापरात मला असा फरक दिसतो की रहस्यकथेला शेवटी उत्तर द्यावंच लागतं, गूढकथेला ते माफ असतं. रत्नाकर मतकरींची गूढकथा वाचून उत्तर मिळालं नाही तर आपण खूश होतो. रहस्यकथेत तसं झालं तर पुस्तक फेकू. वर्तमानपत्रं मात्र हा फरक पाळत नाहीत. तिथे खुनाचं ‘गूढ’ कायम असतं आणि ते उकललं की पोलिसांनी ‘छडा’ लावलेला असतो.

लायब्ररीवाला

मंडळी, चर्चा छान चालली आहे, पण एक गोष्ट कुणी विचारलीच नाही. ही पुस्तकं वाचणारे लोक त्यांना काय म्हणायचे?

नाशिकरोडला माझी भाड्याने पुस्तकं द्यायची लायब्ररी होती. छोटी, दहा बाय बारा. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. गिऱ्हाईक ‘रहस्यकथा द्या’ असं क्वचितच म्हणायचं. ‘पल्प’ तर कधीच नाही. “एक झुंजार द्या.” “काळापहाड आहे का, न वाचलेला?” “दोन गोलंदाज आणि एक धारप काढून ठेवा, उद्या येतो.” झुंजार आणि काळापहाड बाबुराव अर्नाळकरांचे, गोलंदाज गुरुनाथ नाईकांचा. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंदही असाच मागितला जायचा, “नवा दारा आला का?” नायकाचं विशेषनाम सामान्यनाम झालेलं. त्याचं अनेकवचन व्हायचं, त्याला विशेषण लागायचं: जुना झुंजार, फाटका झुंजार. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या बाबतीत लेखकच सामान्यनाम. ‘एक धारप’ म्हणजे रात्री दिवा चालू ठेवून झोपायची सोय.

ताई, तुमच्या लेखाचा विषय याच शब्दात बसतो असं मला वाटतं. गिऱ्हाइकाला नवी गोष्ट नकोच असायची. तोच माणूस नव्या भानगडीत हवा असायचा. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, नाईकांचीही हजारावर आहेत. एवढी पुस्तकं लोक कोडं सोडवायला वाचत नाहीत. ओळखीच्याला भेटायला वाचतात. आज मुलं ‘तिसरा सीझन आला का’ विचारतात ना, तो प्रश्न माझ्या काउंटरवर रोज यायचा. अमेरिकेतही तेच. १९३९मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये आलेला बॅटमॅन अजून काम करतोय, आणि त्याला बघायला जाणारे खुनी कोण यासाठी जात नाहीत.

माझे निम्मे सभासद पंचवटी एक्स्प्रेसचे पासवाले. जाताना एक, येताना एक. त्यांच्या हिशेबात पुस्तकाची जाडी पानांत नव्हती. “हे कल्याणपर्यंत पुरेल का?” असं विचारायचे. उरलेले बरेचसे नोटप्रेसचे कामगार. आता हे बघा. १९२८पासून आपल्या गावात नोटा छापतात. त्या कागदात कापूस असतो, लाकूड नाही. दिवसभर सगळ्यात भारी कागद हाताळणारा माणूस संध्याकाळी माझ्याकडून सगळ्यात हलका कागद भाड्याने न्यायचा.

एकदा कुणीतरी एका पुस्तकाच्या अकराव्या पानावर समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं, “खुनी वकील आहे.” मी खोडरबर घेतलं. पण तो कागद म्हणजे पापड! दोनदा घासला आणि पान विरायला लागलं. मग वर कागदाची पट्टी चिकटवली. दुसऱ्या आठवड्यात प्रेसमधला एक सभासद काउंटरवर उभा. पुस्तक उघडलेलं, अकरावं पान ट्यूबलाइटसमोर धरलेलं, एक डोळा मिटलेला, नोटेवरचं पाण्याचं चिन्ह बघतात तसा. म्हणाला, “काका, वकील दिसतंय.”

गंगापूररोड

काका, हे लेखात आलंच पाहिजे!

मग ‘गुप्तहेर’चं काय? मला तो शब्द नेहमी परदेशात जाऊन कागद चोरणाऱ्यासाठी वाटतो, खून सोडवणाऱ्यासाठी नाही.

पंचवटीकर

मराठीत दोघांनाही तोच. ‘हेरणे’ म्हणजे नजरेने टिपणे. बाजारात चांगला आंबा हेरतो तसा हा माणूस खुनी हेरतो. हिंदीत जासूसही दोन्ही कामं करतो. उर्दू लेखक इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ ही माला १९५२ची, त्यातही गुन्हे आणि परदेशी कट एकाच ताटात.

हिंदीवरून आठवलं, ‘खून’. फारसीत आणि हिंदीत खून म्हणजे रक्त. मराठीत आला तेव्हा रक्त सांडून आला, नुसती हत्या उरली. ‘त्याचं खून खवळलं’ म्हणणारा माणूस हिंदी मालिका जास्त बघतो एवढंच कळतं.

जुनी सावाना

आणि नाशिकमध्ये तर खून म्हणायचं की वध, यावरून माणूस ओळखता येतो. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. सरकारी कागदात तो खून. आमच्या घरात ‘जॅक्सनवध’. चुकून जरी खून म्हटलं तरी आजोबा वाक्य थांबवायचे. रहस्यकथेत मात्र वध चालत नाही, तो कीर्तनात जातो. तिथे खूनच लागतो, आणि तोही शक्यतो पहिल्या दहा पानांत.

नाशिकरोडकर

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: ‘पल्प’ एकदाच येईल, कागदाची गोष्ट सांगण्यापुरता. ‘लगदा’ फक्त कागदाला. ‘सवंग’ वापरेन, पण आजीच्या कांद्यांसकट. बाकी लेखभर लोक मागायचे तेच शब्द. शीर्षक ‘एक झुंजार द्या’. काका, तुमची हरकत नाही ना?

लायब्ररीवाला

हरकत कसली, छापा. फक्त ‘काळापहाड’ एकच शब्द ठेवा. तोडून लिहिलात तर तुमच्या सासूबाई ब्रह्मगिरीचा डोंगर समजतील.

गंगापूररोड

काका, एक राहिलं. खुनी खरंच वकील होता का?

लायब्ररीवाला

नाही हो. पेन्सिलवाल्याने थाप मारली होती. म्हणून तर मी ती पट्टी कधी काढली नाही.