किल्ट, केली, क्वेख: स्कॉटिश लग्नपत्रिकेचं मराठी

प्रश्न
स्कॉटलंडमधल्या नात्यातल्या लग्नाची पत्रिका घरच्या ज्येष्ठांसाठी मराठीत करायची आहे. ‘हायलँड ड्रेस’, ‘वेडिंग ब्रेकफास्ट’, ‘कॅरिजेस १२.३०’ आणि सी-ई-आय-एल-आय-डी-एच असं लिहिलेला एक शब्द, एवढ्यावर गाडी अडली आहे. किल्टला ‘घागरा’ चालेल का?

उत्तर
‘हायलँड ड्रेस’ म्हणजे किल्टचा पारंपरिक स्कॉटिश पोशाख, आणि किल्ट म्हणजे पुरुषांचं कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं निऱ्यांचं वस्त्र. त्याला घागरा नको. घागऱ्याला नाडी असते आणि घेर सगळीकडून सारखा. किल्टला नाडी नाही. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि निऱ्या सगळ्या मागे. त्या कमरेपासून नितंबांपर्यंत शिवून पक्क्या केलेल्या, खाली मोकळ्या. बांधायला बाजूला चामडी पट्टे आणि बकलं.

गंमत अशी की ‘किल्ट’ हे मुळात क्रियापद. अर्थ, कपडा कमरेशी वर खोचणं. शब्द स्कँडिनेव्हियन भाषांकडून आलेला. म्हणजे ओचा खोचणं, पदर खोचणं यातलंच हे खोचणं. पूर्ण किल्टला ८ वार कापड लागतं, नऊवारीपेक्षा एक वार कमी. पण हे वार एकेरी पन्ह्याचे. दुकानात दुहेरी पन्ह्याचं ४ वार घेतात, उभं मधोमध कापतात आणि दोन्ही तुकडे जोडतात. मी तरी ‘किल्ट’च ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘निऱ्यांचा चौकडीचा किल्ट’ म्हणेन.

उत्तर
‘चौकडी’ला थोडी पुस्ती. किल्टची चौकडी म्हणजे टार्टन, पण टार्टन म्हणजे कुठलीही चौकडी नव्हे. कोणत्या रंगाचे किती धागे, कोणत्या क्रमाने, हे ठरलेलं असतं. त्या नमुन्याला ‘सेट’ म्हणतात. चांगल्या किल्टच्या निऱ्या अशा बेतानं घालतात की घडी पडूनही मागून नमुना अखंड दिसावा. ‘प्लेड’ हा अमेरिकेत चौकडीचाच शब्द झालाय, स्कॉटलंडमध्ये मात्र ती अंगावर घ्यायची शाल. नवरदेवाच्या डाव्या खांद्यावर ब्रोचने अडकवलेला ‘फ्लाय प्लेड’ दिसला तर बेधडक ‘उपरणं’ लिहा.

प्रश्नकर्ती
पाहुण्यांनी किल्ट घालावाच लागतो का?

उत्तर
नाही. शेरवानी, सूट, साडी सगळं चालतं. बरीच टार्टनं एकेका स्कॉटिश कुळाची असतात. किल्ट भाड्याने घेणार असाल तर अशा कुळाशी नातं नसलेल्यांसाठी ब्लॅक वॉचसारखी सर्वांची टार्टनं असतात.

फसगत मापात होते. दुकानदाराला पँटची कंबर सांगू नका. किल्ट बेंबीच्या पातळीला बसतो, पँट बरीच खाली. पोट सुटलेलं असेल तर दोन-चार इंचांचा फरक सहज पडतो आणि ऐन लग्नाच्या सकाळी बकल शेवटच्या भोकालाही पोचत नाही. टेप घेऊन तीन मापं घ्या: बेंबीवरचा घेर, नितंबांचा सर्वांत मोठा घेर, आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी. मोजताना पाहुण्यानं खाली वाकून बघू नये, लांबी चुकते.

किल्टची पिन फक्त वरच्या पदराला, खालच्या कोपऱ्यात लावायची. दोन्ही पदरांतून टोचली तर बसता-उठताना कापड ताणून फाटतं.

उत्तर
किल्टच्या पुढे लटकतो तो स्पोरन म्हणजे सरळ ‘बटवा’. गेलिक (स्कॉटलंडची जुनी भाषा) शब्दाचा अर्थही तोच, आणि किल्टला खिसे नसल्यामुळे कामही तेच. ‘चंची’ सुचवाल तर तिला पान-तंबाखूचा वास आहे. नाचताना बटवा फिरवून कमरेच्या बाजूला घेतात, नाहीतर उड्यांबरोबर तो आपटत राहतो.

मोज्यात खोचतात ती सुरी ‘स्कियन डू’. स्कियन म्हणजे सुरी, डू म्हणजे काळी. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तिथल्या कायद्यात तिला सूट आहे, विमानाच्या केबिनमध्ये नाही. मोठ्या बॅगेत टाका.

उत्तर
आता तो अवघड शब्द. उच्चार ‘केली’. ‘सेलिध’ म्हणू नका. गेलिकमध्ये मूळ अर्थ भेट, गाठीभेटीची बैठक. आज लग्नात तो बँडच्या तालावरचा सामूहिक नाच. मराठीत एकच अडचण, ‘रात्री केली केली’ असं वाक्य होतं. कंसात ‘सामूहिक नाच’ लिहा.

नाच येत नाही म्हणून बसून राहायची गरज नसते, पावलं आधी सांगतात. जोडीदार नसेल तर ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’ची वाट बघा, तो तिघातिघांचा असतो. ‘स्ट्रिप द विलो’त मात्र सपासप गिरक्या असतात. तिथे मनगट न धरता कोपरात कोपर अडकवा. काचेच्या बांगड्या आधी काढून ठेवा, फुटल्या तर समोरच्याच्या हातात शिरतात. सहावारीच्या निऱ्या पायात येतात. काष्ट्याची नऊवारी इथे सर्वांत सोयीची.

प्रश्नकर्ती
कार्यक्रमात ‘क्वेख’ आणि ‘हँडफास्टिंग’ही आहे.

उत्तर
क्वेख म्हणजे दोन कानांचा उथळ पेला. त्यातून नवरा-नवरी बहुधा व्हिस्कीचा घोट घेतात. त्याच्या दांड्यांना स्कॉट्स बोलीत ‘लग’ म्हणतात, आणि लग म्हणजे कान! कढईला कान असणाऱ्या भाषेला आणखी काय हवं?

हँडफास्टिंगला ‘पाणिग्रहण’ म्हणावंसं वाटेल, पण त्यात नुसता हात धरणं आहे. इथे दोघांचे हात टार्टनच्या फितीने बांधतात. म्हणून ‘हस्तबंधन’. कायद्याने लग्न लागतं ते याने नव्हे. अधिकृत व्यक्तीसमोर दोघांनी संमती द्यायची, १६ वर्षं पूर्ण झालेले दोन साक्षीदार हजर हवेत, आणि मग सगळ्यांच्या सह्या. ब्राइड्समेडला ‘करवली’ शोभतं. बेस्ट मॅनला, म्हणजे नवरदेवाच्या खास सोबत्याला, ‘पाठराखा’ म्हणू नका, आपली पाठराखीण नवरीबरोबर सासरी जाते.

उत्तर
‘वेडिंग ब्रेकफास्ट’ म्हणजे लग्नानंतरचं मुख्य जेवण, बहुधा दुपारी उशिरा. ‘न्याहारी’ लिहिलंत तर मंडळी उपाशीपोटी निघतील. आणि नावं नीट वाचा. तिथे ‘सहकुटुंब सहपरिवार’ नसतं, पत्रिकेवर ज्यांची नावं तेवढ्यांचीच ताटं. ‘ईव्हनिंग’ लिहिलं असेल तर बोलावणं फक्त संध्याकाळच्या नाचापुरतं. ‘कॅरिजेस’ म्हणजे निघायची वेळ, तेव्हा गाडी दारात हवी.

प्रश्नकर्ती
मग असं: ‘पोशाख: किल्ट किंवा आपला पारंपरिक वेश. लग्नानंतर भोजन. सायंकाळी केली (सामूहिक नाच). परतीच्या गाड्या १२.३० वाजता.’

उत्तर
‘मध्यरात्री १२.३०’ लिहा. नुसता आकडा वाचून कोणीतरी दुपारीच टॅक्सी बोलावेल.