चक्री प्रकाशाच्या दाबाने फिरत नाही

काचेच्या फुग्यातली चक्री, म्हणजे क्रूक्सचा रेडिओमीटर, उन्हात फिरते आणि हाच प्रकाशाच्या दाबाचा, म्हणजे प्रकाश पृष्ठभागाला देत असलेल्या धक्क्याचा, पुरावा, असं म्हटलं जातं. प्रकाशाचा दाब खरा आहे, पण हे उदाहरण उलट बाजूचंच आहे.

चक्रीच्या प्रत्येक पात्याची एक बाजू काळी, दुसरी चकचकीत. काळी बाजू प्रकाश शोषते. तिथला दाब म्हणजे तीव्रता भागिले प्रकाशाचा वेग. चकचकीत बाजू प्रकाश परतवते, म्हणून तिथे दुप्पट. मग मागे रेटली जायला हवी चकचकीत बाजू. चक्रीकडे नीट बघा, मागे सरते ती काळी! ही करामत आत उरलेल्या विरळ हवेची आहे, विशेषतः तापलेल्या पात्याच्या कडांपाशी.

खरा दाब किती क्षुल्लक असतो? पृथ्वीपाशी ऊन दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॉट, म्हणजे शोषणाऱ्या पृष्ठभागावर ४.५ मायक्रोपास्कल. वातावरणाचा दाब याच्या सव्वादोन हजार कोटी पट. रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेबेदेव यांनी प्रकाशाचा दाब मोजून १९०१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा उरलेल्या हवेचा उपद्रव टाळणं हीच मुख्य डोकेदुखी होती.

'प्रकाशाला वस्तुमान नाही तर धक्का कसा?' याच्या उत्तराला फोटॉनही (प्रकाशाचे कण) लागत नाहीत. प्रकाशलहरीचं विद्युतक्षेत्र पृष्ठभागातले इलेक्ट्रॉन हलवतं आणि हलत्या इलेक्ट्रॉनांना तिचंच चुंबकीय क्षेत्र पुढे ढकलतं. झालं.

प्रकाशाच्या दाबाचं उदाहरणच हवं तर जपानचं इकारोस हे अवकाशयान घ्या. २०१० मध्ये सोडलेलं, उन्हाच्या दाबाने ढकललं जाणारं १४ मीटर बाजूचं चौकोनी शीड. त्यावरचा जोर जेमतेम एक मिलिन्यूटनच्या घरातला, पण तो अवकाशात प्रत्यक्ष मोजला गेला.